देवास आता सुनंदाचं

२१ सप्टेंबर, रविवार
रस्त्याचं चौडीकरण अखेर आमच्या दुकानापर्यंत आलं. जेसीबी सकाळीच हजर. मेडिकलचा ओटा बघता बघता गेला. बाबांनी बांधलेला, संध्याकाळी सगळी मराठी मंडळी टेकायची तो. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, थोड़ा पीछे." मी मागे झालो. हातात चहा होता, तो संपवला.
सुनंदा वरच्या गॅलरीतून, "किती मोकळं झालं हो! आता स्कूटी थेट दाराशी लागेल."
हो म्हणालो.

२३ सप्टेंबर, मंगळवार
नवरात्र. रस्ता रात्रंदिवस वाहतोय. अनवाणी माणसं देवीच्या टेकरीकडे. दरवर्षी ओट्यावर मलम, पट्ट्या, गरम पाणी घेऊन बसायचो. बाबांनी पाडलेली रीत. यंदा मांडलं नाही. बागलीहून दर वर्षी येणारे ते पाटीदार थांबले. पायाला फोड.
"भिया, इस बार मलम नहीं?"
"ओटलाच नहीं रहा," म्हणालो.
मलम आत कपाटात होतं. द्यायला काही ओटा लागत नाही. ते डिव्हायडरवर टेकले, पाय चोळले, उठून गेले. मी बघत होतो.
वाईट वाटायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. शटर लवकर ओढलं.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला दोनच घरी गेलो. बाकीची पुणे, बडोदा, इंदूर. एका घरी नातवाने आपट्याचं पान हातात धरून विचारलं, "इसका क्या करना है?" सगळे हसले. मीही.
सु. तिच्या कॉलोनीवाल्या मैत्रिणींकडे. मालवी, मराठी, सिंधी, सगळ्या एकत्र. उशिरा आली, गाल लाल. धारहून लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर रडायची. देवासला सवत म्हणायची. मीच तिला रोज संध्याकाळी स्कूटरवर बसवून गल्ली न् गल्ली फिरवली. हे तळं, हा जुना राजवाडा, इथली कचोरी. शेवटी एकदा म्हणाली, "बरं आहे हो तुमचं गाव." त्या दिवशी काय आनंद झाला होता! झाला होता हे आठवतं. तो आनंद नाही आठवत.

५ ऑक्टोबर
आज बोलून टाकलं. धारला जाऊ या. तिच्या धाकट्या भावाचा, अरविंदचा, वरचा मजला रिकामा आहे.
सु. पोळी लाटताना थांबली. "धारला? तिथे काय आहे माझं?"
"माहेर आहे."
"आई गेली तेव्हाच ते गेलं." मग, "तुम्हाला देवास नकोसं कधीपासून झालं?"
एका दिवसात झालेलं नाही. भांडणही नाही. सकाळी शटर उचलतो, समोर रस्ता दिसतो, तो कुठल्याही गावचा असावा असा...
पोळी करपली. तिने तीच मला वाढली.

११ ऑक्टोबर, शनिवार. धार
एकटाच आलो. पीथमपूरच्या फाट्यावर कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्यांमागे बराच वेळ अडकलो. खोल्या छान आहेत. खिडकीतून तळं दिसतं.
अरविंद : "आवडलं ना, भाऊजी?"
"छान आहे."
"ताई येईल?"
तळ्याकडे बघत राहिलो.
संध्याकाळी फिरताना त्याच्या ओळखीच्या एकाने विचारलं, "कहाँ के हो, भिया?" "देवास का," म्हणालो. पूर्वी हे सांगितलं की पुढे अर्धा तास बोलायचो. आज पुढे काही आलंच नाही. तो गृहस्थ वाट बघून निघून गेला.
इथे बरं वाटेल असंही नाही. इथे काही वाटायची अपेक्षा नाही, एवढंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
मोबाईल शोरूमवाले पुन्हा दुकान विचारायला आले होते. सु.ला सांगितलं.
"विका. तुमचं आहे. मी इथेच भाड्याने राहीन."
थट्टा वाटली. नव्हती.
"मला हे गाव नको होतं. तुम्ही रमवलंत. आता मी रमले तर तुम्ही उठून चाललात." रडली. मोठ्याने नाही. पाण्याचा पेला पुढे केला. तिने घेतला नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
तिच्या मंडळाची दिवाळी पहाट. मागे उभा होतो. सु. निवेदन करत होती, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, मधेच मालवीत कोपरखळी, आणि लोक हसत होते. मला कोणीच ओळखत नव्हतं. एका मुलीने खुर्ची आणून दिली.
"अंकल, आप किसके साथ?"
"सुनंदाजींचा मिस्टर."
"अरे! आगे बैठिए ना!"
पुढे नेऊन बसवलं. सु.ने स्टेजवरून पाहिलं, एक शब्द अडखळली, पुढे बोलली. जन्म माझा इथला, पाहुणा मी. खुर्ची मात्र आरामाची होती.

२६ ऑक्टोबर, रविवार
सकाळी अरविंदचा फोन. वरच्या मजल्याला एक बँकवाले भाडेकरू मागताहेत, आज काय ते सांगा, भाऊजी. मी "हं" म्हणालो, पुन्हा "हं". सु.ने माझ्या हातून फोन घेतला.
"अरविंद, त्यांना नाही म्हण. मजला ठेव." थोडा वेळ ऐकत होती. "नाही रे. एकजण येईल की दोघं, ते नाही ठरलेलं."
फोन माझ्यापुढे ठेवला. पोह्यांवर शेव घातली, बशी दिली. जरा वेळ उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग चपला घालून खाली गेली. स्कूटी सुरू झाली, पण लगेच निघाल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ तशीच चालू होती, दाराशी.
मी बशी हातात घेऊन बसलो होतो.