काठ्या देवळात व्हत्या

माझे अप्पा,

तुमी जाऊन तीन वर्सं झाली आन् मी आज पयल्यांदा तुमाला लिव्हायलेय. तुमाला वाचता येत नव्हतं म्हणून का काय, कधी सुचलंच न्हाई. माझ्या अंगणवाडीतली लेकरं खिचडी खाऊन आडवी झाल्यात, हातात हजेरीचा पेन हाय. म्हणलं, अप्पाशी बोलून घ्यावं. दुसऱ्या कुणाला सांगू?

उद्या सकाळी मला ठाण्यात बोलावलंय. अंगणवाडीला लागूनच दारूचं दुकान उघडलं, म्हणून आमी बायका चार दिवस त्याच्यासमोर बसलो व्हतो. रस्ता सोडून, कडंला. गाणी म्हणली, लेकरं खेळवली, एक खडा कुणी उचलला न्हाई. आन् कागदावर काय लिव्हलंय? बायांनी दगडं मारली! फौजदार म्हणतो, तुमी सरकारी बाई, तुमी साक्षीला सही करा, तुमचं नाव काढून टाकतो. न्हाई तर नोकरी गेली समजा. माझ्या सहीवर पाच जणी आत जायच्या, अप्पा.

तुमाला ती आपली बस आठवती का? मी नववीत व्हते. निम्मं गाव हैदराबादला बांधकामावर गेलं, मंग बस कुणासाठी सोडायची, म्हणून बंद केली. आमा सात पोरींची शाळा बुडाली. बस चालू करा म्हणून तुमी गावकऱ्यांनी फाट्यावर बसायचं ठरवलं, तवा मी लई शहाणी होऊन तुमाला नागरिकशास्त्राचं पुस्तक वाचून दाखवलं. शांततेनं आन् हत्याराशिवाय एकत्र जमायचा हक्क सगळ्यांना हाय, असं त्यात व्हतं.

तुमी बिडी विझवून इचारलं, “आपली काठी हत्यार हाय का गं?”

“मला काय म्हाईत!”

“पोलिसाला तर वाटंल की. मंग ठेवूनच जायाची.”

धनगराला म्हणं काठी ठेव! मेंढरं विकून धा वर्सं झाली व्हती, तरी एकाच्याबी हातची काठी सुटली नव्हती. केवढा कालवा केला सगळ्यांनी! महादूकाका म्हणाला, त्यापरीस धोतर ठेवून येतो. पर तुमी ऐकताव व्हय? सगळ्या काठ्या लोकरीच्या दोरीनं बांधल्या, देवळात आपल्या बिरप्पापुढं आडव्या ठेवल्या, गाठीवर देवाचा भंडारा, हळद टाकली. फाट्याकडं जाताना कुत्रं अंगावर आलं, तर तुमचा हात आपसूक काठी धरायला गेला आन् रिकामाच खाली आला. मी हसून हसून बेजार. तुमीबी हसलाव.

दुपारी जीप आली. “कामून उठवताव, ते तर सांगा,” एवढंच तुमी इचारलं, म्हणून तुमालाच पयले उचललं.

मी भाकरी घेऊन ठाण्यात आले, दप्तरात ते पुस्तकबी व्हतं. तुमच्या गालावर पाच बोटं उमटली व्हती. असं मारायचा हक्क कुणाला दिलाय, हे पुस्तकात कुठंच नव्हतं. फौजदार कागद पुढं सारून म्हणायला, “अंगूठा लगा रे बुड्ढे, घर जा.” आपलं गाव कर्नाटकात, तवा कागद कानडीत व्हता. तुमी हवालदाराकडून सगळा वाचून घेतला. लोक काठ्या घेऊन पोलिसांवर धावले, असं त्यात लिव्हलं व्हतं.

आन् मी काय केलं? पुस्तक काढलं न्हाई. तुमचे पाय धरून रडायले. “अप्पा, लावा की अंगठा. काय फरक पडतो? घरी चला!”

तुमी माझ्या डोक्यावर हात ठेवलाव. “काठ्या देवळात हाईत, बाई. हातात व्हत्या म्हणून कसं सांगू? बिरप्पाला खोटं पाडू व्हय?” आन् लगेच, “तू जेवलीस का?”

दुसऱ्या दिवशी तुमाला न्यायाधीशापुढं नेलं, चोवीस तासांच्या आत. पुस्तकातलं एवढं तरी खरं निघालं. आन् महादूकाकाची अक्कल बघा! आपल्या हातात काठ्या नव्हत्या हे दाखवायला तो अख्खा भाराच डोक्यावर घेऊन कोर्टात आला. दारातल्या पोलिसाची पाचावर धारण बसली! न्यायाधीशांनी इचारलं, जप्त केलेली काठी कुठंय? कुणाकडंच नव्हती. मंग दाराकडं बघितलं, तर भारा तसाच बांधलेला, गाठीवरचा भंडारासुद्धा हालला नव्हता. न्यायाधीश तोंडावर रुमाल धरून हसले आन् तुमाला सोडून दिलं. महिन्याभरानं बस आली. मी शिकले, म्हणून तर आज ‘सरकारी बाई’ झाले.

पर अप्पा, तुमच्यावर माझा एक राग हाय. लावा अंगठा म्हणाले, त्याबद्दल तुमी मला कधीच कामून बोलला न्हाई? एकदा तरी रागवायचं! तुमी गप्प राहिलाव, मीबी गप्प राहिले, आन् तुमी निघूनच गेलाव. चुकलं माझं, अप्पा. एवढं म्हणायला मला इतकी वर्सं लागली.

आज सकाळी तुमची नात माझा पदर धरून रडायली. अकरा वर्सांची हाय. म्हणली, “आई, कर की सही. काय व्हतंय? लवकर घरी ये.” माझेच शब्द, अप्पा! मंग मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, इचारलं, “जेवलीस का?”

उद्या मी जाणार. कागद पुरा वाचीन, आन् सही करणार न्हाई. दगडं कुणी मारलीच न्हाईत, तर मारली म्हणून कसं सांगू? नोकरी जाईल तर जाईल. पोरीवर रागावणारबी न्हाई. पर एक गोष्ट तुमच्यासारखी करणार न्हाई. घरी आले की तिला जवळ घेऊन सांगीन, की तुझ्यापरीस थोडी मोठी असताना मीबी असंच म्हणाले व्हते, आन् माझे अप्पा माझ्यावर रागावले न्हाईत.

तुमचीच,
रुक्मी