अंगठा उठू नये म्हणून

२२ एप्रिल, मंगळवार

अंगठा उठला नाही! डावा नाही, उजवा नाही. दहाच्या दहा बोटं लावून झाली – मशीनवर दर वेळी लाल दिवा.

हक्कसोडपत्र करायला दादाने इथे माले गावी येऊन मला गाडीत घालून पौडच्या नोंदणी कचेरीत नेलं होतं. माहेरच्या, नांदे गावच्या दीड एकरातला माझा हिस्सा मी सोडला की जमीन एकट्या दादाची, आणि मग बिल्डरची. मशीनवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, बोट केसांवरून फिरवा, जरा तेल लागेल." फिरवलं. कपाळावर घासलं. लालच! ओटीपी मागवावा तर आधारला नंबर ह्यांचा. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तो फोनही बंद. नंबर बदलायचा तरी अंगठाच लागतो म्हणे. दादा वैतागला – "चंदे, हात हायेत का किसणी?"

मी पदर तोंडाला लावला. दादाला वाटलं, रडतेय. मला हसू आवरत नव्हतं. किती हलकं वाटलं!

२३ एप्रिल

लिहायचं तर खरं लिहावं. मला हक्क सोडायचा नाही. बिल्डर काय देईल याच्याशी मला घेणं नाही. हे घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल ह्यांच्या, आणि मी चालवते त्या खानावळीला नाव देवाचं. नांद्याच्या सातबाऱ्यावर मात्र दादाच्या नावाखाली माझं नाव आहे. तेवढी एक ओळ माझी.

पण नाही म्हणायचं कसं? हिस्सा मागणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही. शेजारच्या सारजाबाईने मागितला, तर बारा वर्षं भावाच्या घरचं पाणी प्यायलेली नाही ती. आणि माझी तर दादासमोर जीभच टाळ्याला चिकटते. माझ्या वतीने मशीन नाही म्हणालं. देव त्याचं भलं करो.

२६ एप्रिल

ऋतिका पुण्याहून आली. लेक फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला – तिच्यासमोर शिंकायची सोय नाही. माझे हात उलटेपालटे करून म्हणाली, "आई, धुतेस कशाने?" मोरीतली कपड्याच्या साबणाची वडी दाखवली. भांडी, कपडे, हात, तोंड, आंघोळ – सगळ्याला तीच. सासूबाईंपासूनची रीत. तिने कपाळाला हात लावला.

मग शिकवणी. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. तो बनताना आपोआप ग्लिसरीन तयार होतं. ते कातडीत पाणी धरून ठेवतं. काही साबणांत ते राहू देतात, काहींतून काढून घेतात. थोडं तेल मुद्दाम जास्त ठेवलेला साबण हाताला मऊ. खोबरेलाचा फेस भरपूर, पण फार खोबरेल घातलं तर तोच साबण हात कोरडे करतो – हे मला नवीनच! आणि कपड्याच्या वडीत वरून धुण्याचा सोडा. "त्याला मळ कुठला आणि तुझ्या कातडीचं तेल कुठलं, काय कळतंय? सगळंच काढतो. तेल गेलं की आतलं पाणी उडतं. कोरडी कातडी मशीनला दिसत नाही."

म्हणजे मशीन नाही म्हणालंच नव्हतं. वडी म्हणाली होती!

२७ एप्रिल

ऋतिकाचा हुकूम – आठ दिवस डाव्या हाताला ग्लिसरीनचा साबण, उजव्याला जुनी वडी. "माझं नको ऐकूस, स्वतः बघ." एका हाताला दुसरा न लावता धुवायचं म्हणजे काय सर्कस! ती गेल्यावरही इमानाने चालवलंय.

३० एप्रिल

काही फरक नाही. उगाच पोरीचं ऐकते.

४ मे

फरक आहे! डावा तळवा ताणल्यासारखा होत नाही, नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटत नाही. चष्मा लावून डावा अंगठा बघितला, तर त्यावर गोल गोल रेषा. पंचावन्न वर्षांत कधी नीट पाहिल्या नव्हत्या. मिनिटभर खूश झाले – आणि तारीख आठवली. परवा मंगळवार! दादा पुन्हा पौडला न्यायला येणार, आणि आता अंगठा उठणार.

ग्लिसरीनचा साबण डब्यात बंद. दोन्ही हात वडीने, कढत पाण्याने, दिवसातून दहा वेळा. वर सोड्याची चिमूट.

६ मे, मंगळवार

लाल! लाल! लाल!

येताना दादाने उसाचा रस पाजला. वहिनीने चांगल्या साबणाच्या तीन वड्या पाठवल्या होत्या – "वन्संना म्हनावं रोज लावा, हात मऊ व्हतील." मी दादाला फसवतेय. पण घरी आल्यावर झोप छान लागली, खोटं कशाला लिहू.

११ मे

खानावळीत धरणावर फिरायला आलेल्यांची गर्दी. भाकरी थापताना बोटाला भेग पडली, पिठात लाल ठिपका. गोळा टाकून दिला. मग मिरचीत हात गेला आणि ब्रह्मांड आठवलं. रोज जेवायला येणारा कुशाबा म्हणाला, "आक्का, भाकरी थापतीस का लढाईला जातीस?"

संध्याकाळी ऋतिकाचा फोन. आधी खोटं बोलले, मग राहवेना, सगळं सांगून टाकलं. ती खूप हसली. मग म्हणाली, "आई, कातडी किती दिवस सोलणार आहेस? मामाला सांग की सरळ."

तिला काय जातंय! तिचा तो मामा आहे. माझा दादा आहे.

१२ मे

पण बरोबरच आहे पोरीचं. वडी मोरीतून उचलली, धुण्याच्या दगडावर ठेवली. तिची जागा ती. हातांना वहिनीचा साबण, कोमट पाणी, आणि हात ओले आहेत तोवर मलम.

१९ मे

भेगा मिटल्या. पिठात हात घातला तर झोंबत नाही – किती सुख! उद्या मंगळवार. पुन्हा पौड.

२० मे, मंगळवार

हिरवा. पहिल्याच फटक्यात.

दादा "सुटलो बाबा" म्हणाला. त्याचा मुलगा अनिकेत याही वेळी कंपनीतून सुट्टी काढून हिंजवडीहून आला होता, त्याने बिल्डरला कळवायला फोन काढला. मग कचेरीतल्या साहेबांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "मावशी, राजीखुशीने हक्क सोडताय ना?"

"नाही," म्हणाले. "मला सोडायचा नाही." आवाज चिरका निघाला, पण निघाला! अनिकेत म्हणाला, "आत्या, हे आधी नाही का सांगायचं? तीन सुट्ट्या गेल्या माझ्या!" मग मी साबणाचंही सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. दादा माझ्या हातांकडे बघत राहिला. उठून गाडीकडे गेला.

वडापच्या जीपने घरी आले. पोटभर रडले. आणि तरी मोकळं वाटतंय. माहेर गेलं असेल तर गेलं, पण आता मला कुणाच्या आड लपायचं नाही.

२३ मे

फोन नाही.

२५ मे, रविवार

सकाळी दादा आला. एकटाच. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, खाली बघून म्हणाला, "यंदा भात कुटला पेरायचा, इचाराया आलोय. इंद्रायनी का आंबेमोहोर? तुजं बी वावर हाय."

मला आजवर शेतातलं कुणी काही विचारलं नव्हतं.

म्हटलं, "आंबेमोहोर. आणि आधी आत ये."