माक काम-तोंग जिवंत असल्याच्या दहा सेकंदांबाबत

प्रति,
मा. निवारण अधिकारी,
उपग्रह वाहिन्या तक्रार कक्ष,
वान चाय, हाँगकाँग.

विषय : नामवान उपग्रह दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय वाहिनीवर अर्जदाराचे निधन रोज तीन वेळा दाखवले जात असल्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज, दि. १२ सप्टेंबर, ३० सप्टेंबर व २१ ऑक्टोबर २०२४. २) आपल्या कार्यालयाकडून त्यांची पोच तेवढी मिळाल्याबाबत.

महोदय,

१. मी खाली सही करणार माक काम-तोंग, वय ८१, राहणार शाम शुई पो. नामवान वाहिनीच्या नेपथ्य व साहित्य विभागात मी एकतीस वर्षे नोकरी केली आणि २००४ साली निवृत्त झालो. विनंती लहान आहे. तिची कारणे लांबलचक आहेत, आणि तो दोष माझा नाही.

२. मालिकेत नटाला मेलेला दाखवायचा असेल, किंवा कोणाचा फोटो देवघराशेजारी मृत म्हणून टांगायचा असेल, तर त्या माणसाला आधी विचारायचे, लाल पाकीट द्यायचे आणि आतले पैसे त्याने त्याच दिवशी गोडधोड खाऊन संपवायचे, ही आमच्या धंद्यातली रीत आहे. एकतीस वर्षे ही पाकिटे माझ्या हातून गेली. भूमिका कितीही फुटकळ असो, मी एकालाही कोरडे मरू दिले नाही. आता त्या विभागाचे प्रमुख श्री. कोक आहेत. त्यांना लाल पाकीट म्हणजे नववर्षाला वरिष्ठांकडून मिळते ते, एवढेच ठाऊक. 'तीन सुनांचा चहाचा मळा' या मालिकेत सासऱ्याचा फोटो हवा होता. फोटोसाठी माणूस बोलवावा लागतो, माणसाला चहा पाजावा लागतो. श्री. कोक यांनी जुन्या कर्मचाऱ्यांचे कपाट उघडले, माझा सेवापूर्तीचा फोटो काढला, काळ्या चौकटीत बसवला आणि पुढे उदबत्त्या लावल्या. मी जाब विचारायला गेलो तेव्हा त्यांनी खुर्चीतून न उठता सांगितले, "काका, राग मानू नका. पण इतका शांत चेहरा आम्हाला कुठे मिळाला असता? लोक म्हणतात, सासरे सुनांपेक्षा चांगलं काम करतात."

३. हाँगकाँगमधल्या प्रक्षेपणात माझ्या तक्रारीनंतर आठवड्याभरात फोटो बदलला, हे मी मान्य करतो. परंतु परदेशातील चिनी बांधवांसाठी ज्या वाहिन्या आहेत, त्यांना शिळेच वाढायचे असा या संस्थेचा शिरस्ता आहे. 'जिथे आपला माणूस, तिथे नामवान' असे ते दर तासाला गाऊन सांगतात, आणि त्या आपल्या माणसाला जुनी चित्रफीत पाठवतात. अमेरिका खंडाच्या वाहिनीवर एकच भाग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी लागतो. सतराव्या भागापासून साठाव्या भागापर्यंत दिवाणखान्याच्या भिंतीवर मी आहे. सुना माझ्यासमोर रडतात, भांडतात आणि मळ्याची वाटणी मागतात.

४. माझी थोरली बहीण माक युट-हिंग, वय ८९, कॅनडातील रिचमंड येथे वृद्धाश्रमात असते. आईवडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यात पाकळ्या जोडून तिने मला वाढवले, आणि मी शाळा पुरी करून नोकरीला लागेपर्यंत स्वतःचे लग्न लांबवले. तिला आता फार कमी दिसते. तिच्या खोलीत दिवसभर नामवानची वाहिनी चालू असते, कारण तिला कळेल अशी भाषा बोलणारे तिथे दुसरे कोणी नाही. ९ सप्टेंबरला ती खुर्चीत डुलकी घेऊन जागी झाली. समोर पांढरी फुले, उदबत्त्या, वाकून नमस्कार करणारी माणसे आणि मधोमध मी. ज्या वाहिनीत भावाने उभी हयात घालवली तिने त्याची शोकसभा दाखवावी, यात तिला नवल वाटले नाही. उलट तिला बरे वाटले. "एवढी माणसं आली हो धाकट्यासाठी," असे ती भेटायला आलेल्या लेकीला म्हणाली, आणि मग दोन दिवस जेवली नाही.

५. जिवंत माणसाने जिवंत आहे म्हणून सांगावे, एवढ्यात हे मिटायला हवे होते. पण आमच्या घरांतून म्हाताऱ्या माणसाला मरणाची बातमी देत नाहीत. २०११ साली ताईची नणंद वारली, तेव्हा चौदा महिने आम्ही ताईला सांगत होतो की ती मुलाकडे चीनमध्ये दूर युननान प्रांतात गेली आहे आणि तिथली हवा तिला मानवली आहे. युननानहून आलेली पत्रे मी स्वतः लिहीत होतो. ताईने ती सगळी जपून ठेवली, आणि कळल्यावर एका शब्दानेही मला बोलली नाही. त्यामुळे आता माझी भाची सुक-यी जितक्या कळवळून सांगते की मामा धडधाकट आहे, तितकी ताईची खात्री पटत जाते की मी गेलो. मी स्वतः फोन केला. ताई बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "धाकट्या, आता फोन करायचा नाही रे. इकडे अडकून राहू नकोस. भूक लागली तर स्वप्नात ये." मग सुक-यीने मोबाईलवर माझा चेहरा दाखवला. तर मेलेल्या माणसांना संगणकावर बोलते करता येते असा कार्यक्रम याच नामवानने मागच्या वसंतात दाखवलेला. ताई म्हणाली, "छान बनवलाय. पण हा जरा जाड आहे."

६. ताईचा विश्वास फक्त नामवानच्या सात वाजताच्या बातम्या देणाऱ्या श्री. तोंग यांच्यावर उरला आहे. म्हणून मी आंतरराष्ट्रीय वाहिन्यांच्या उपसरव्यवस्थापक श्रीमती फूंग यांच्याकडे दहा सेकंद मागितले. या बाईंच्या कार्यालयात सहा देशांची सहा घड्याळे आहेत, त्यांपैकी दोन बंद आहेत. त्यांनी मला नियम समजावून सांगितला. "काका, दुरुस्ती बातमीची असते. मालिका काल्पनिक. काल्पनिक मरणाचं खंडन कसं करणार? उद्या मालिकेतला प्रत्येक मेलेला माणूस दारात उभा राहील." मी म्हणालो, प्रत्येक मेलेला नाही, फक्त जो जिवंत आहे तो. ही बाब धोरणात बसत नाही असे त्यांनी वहीत लिहून घेतले.

७. आता हेच धोरण ३ ऑक्टोबर रोजी कुठे गेले होते ते पाहावे. त्याच मालिकेत मधली सून सासूला विषारी काढा देते. त्या काढ्यात दिसलेले जिनसेंगचे मूळ प्रायोजकांच्या मालासारखे आहे असे प्रायोजकांना वाटले. त्याच संध्याकाळी, सर्व खंडांच्या सर्व वाहिन्यांवर, श्री. तोंग यांच्याच तोंडून चाळीस सेकंदांचा खुलासा झाला, की सदर मूळ काल्पनिक असून प्रायोजकांचे मूळ कोणासही अपाय करत नाही. काल्पनिक मुळीची अब्रू यांना वाचवता येते. मी मुळी असतो तर माझी बहीण आज सुखात असती. दर तासाला आठ मिनिटे जिनसेंग विकणाऱ्या संस्थेकडून याहून अधिक समज अपेक्षिणे हा माझाच भाबडेपणा झाला, हे मी नोंदवून ठेवतो.

८. आपल्या कार्यालयाच्या पत्राने असो वा कशाने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नामवानने परदेशातील चित्रफितीत एक सुधारणा केली. फोटो तसाच ठेवून माझा चेहरा धुरकट केला. या एका कृतीत त्या संस्थेची सगळी अक्कल दिसून येते. मोठे अंधूक आकार तेवढे ताईला दिसतात. काल होता तो चेहरा आज विरघळलेला पाहून तिने सुक-यीला बोलावले. "बघ, निघाला तो. मार्गी लागला." पितरांना कागदी वस्तू जाळून पोचवायचा चुंग युंगचा सण चार दिवसांवर होता. त्या दिवशी तिने वृद्धाश्रमाच्या अंगणात माझ्यासाठी कागदाचे कपडे, कागदाचा बूट-जोड आणि कागदाचा दूरचित्रवाणी संच जाळला. संचाला कागदाची छत्रीही होती, म्हणजे मला तिकडे नामवान दिसावे. मेल्यावरही या लोकांच्या मालिका पाहायची माझी तयारी नाही, हे इथे स्पष्ट करतो. तिने मात्र वाकता येत नसताना वाकून ते केले, आणि तो धूर छातीत घेऊन ती अंथरुणाला लागली.

९. तक्रारीनंतर श्री. कोक यांनी मला टपालाने एक लाल पाकीट पाठवले. त्यावर संस्थेचा सोनेरी ढग छापलेला आहे. सोबत चिठ्ठी होती, की पुढच्या पर्वात सासरे तरुणपणी दाखवण्याचा विचार चालू आहे, माझे जुने फोटो असल्यास कळवावे. पाकीट न उघडता परत केले आहे.

१०. येथवरचा मजकूर मागील अर्जांत थोड्याफार फरकाने आलेलाच आहे. नवीन बाब पुढीलप्रमाणे. सुक-यी मला रोज तिकडच्या संध्याकाळी फोन करते. १४ नोव्हेंबरपासून मी ताईची चौकशी केली की ती म्हणते, "मामा, आई आत्ताच झोपली." दुसऱ्या दिवशी म्हणते, "आज बरं आहे, पेज घेतली, झोपलीय." आज अकरा दिवस ताई माझ्या फोनच्या वेळी झोपलेली आहे. परवा सुक-यीने सांगितले की आईला जरा दूरच्या, चांगल्या हवेच्या दवाखान्यात हलवले आहे आणि तिथे फोन लागत नाही. हवा कशी आहे असे मी विचारले. मानवली आहे, असे ती म्हणाली.

११. मी पुढे काही विचारलेले नाही. युननानची पत्रे कशी लिहितात ते मला माहीत आहे. पोरगी चांगली आहे, आणि तिच्या जागी मी असतो तर हेच केले असते. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला आमच्याकडे कोणी खरे सांगत नाही. मी काय जेवलो ते ती विचारते, मी सांगतो, आणि आम्ही फोन ठेवतो.

१२. आपल्या कार्यालयाच्या नमुना 'ब' मधील रकाना क्र. ९ असा आहे : 'बाधित प्रेक्षक आजमितीस हयात आहे काय? नसल्यास तक्रार आपोआप निकाली समजण्यात येईल.' हा रकाना नामवानच्या वकिलांनी सुचवला असावा इतका तो त्यांच्या सोयीचा आहे. मी तो रिकामा ठेवला आहे.

तरी विनंती की,

(अ) नामवानच्या अमेरिका खंडाच्या वाहिनीवर, सात वाजताच्या बातम्यांत, श्री. तोंग यांनी कँटोनीजमध्ये आणि सावकाश असे सांगावे : "हाँगकाँगचे माक काम-तोंग जिवंत आहेत. ते आज जेवले आहेत." याला दहा सेकंद लागतात. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

(ब) त्याच निवेदनाची चित्रफीत सलग तीन दिवस, सकाळी, दुपारी व संध्याकाळी लावावी. मरण जितक्या वेळा दाखवले त्याच्या पासंगालाही हे पुरत नाही, पण मी घासाघीस करत नाही.

(क) रकाना क्र. ९ भरण्यासाठी आपल्या कार्यालयाने रिचमंडला पत्र, फोन किंवा अन्य मार्गाने कसलीही चौकशी करू नये. चौकशी झालीच, तर तिचे उत्तर मला कळवू नये. त्या खोलीतला संच चालू आहे असे धरून निवेदन प्रसारित करावे.

निवेदनाची तारीख मात्र मला आधी कळवावी. त्या वेळी मी इकडे जागा राहीन.

आपला, अद्याप हयात,
(सही)
माक काम-तोंग
हाँगकाँग, दि. २५ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. हयातीचा दाखला, निवृत्तिवेतन कार्यालयाचा, चालू महिन्याचा.
२. सेवापूर्तीच्या फोटोची प्रत, चेहरा स्पष्ट असलेली.
३. जिनसेंगच्या खुलाशाचा शब्दशः मजकूर.
४. नमुना 'ब', एक रकाना वगळून पूर्ण भरलेला.