फटफटीची लहान पुली

८ नोव्हेंबर १९३७, औंढा

उशीर झाला. पोर गेली.

देवला धनगराची लेक, पाच-सहा वर्षांची. घटसर्प. डोंगरावरच्या वाडीवरून देवला पळत आला तेव्हा मी दवाखान्यातच होतो. त्याला मागे बसवलं आणि निघालो. सपाटीला फटफटी झकास पळाली. चढ लागला आणि इंजिन धापा टाकायला लागलं – पट्टा घसरतो, चाक जागच्या जागी. देवला उतरून ढकलू लागला. मग मीही उतरलो. शेवटी गाडी बाभळीला टेकवली आणि पेटी घेऊन पायी चढलो. निम्म्या चढावर बायकांचं रडणं ऐकू आलं.

देवलाने मला घोंगडीवर बसवलं. म्हणाला, "दमलात साहेब, पानी प्या." घरात लेक गेलेली, आणि हा मला पाणी देऊन राहिला. प्यालो. दुसरं काय करणार होतो?

९ नोव्हेंबर

दिवसभर तेच डोक्यात. ही गाडी मूळची एका गोऱ्या इंजिनिअरची. सडकेवर पळवायला घेतलेली, डोंगरासाठी नव्हे. हिला गिअर नाही. इंजिनाच्या पुलीवरून पट्टा थेट मागच्या चाकाला. इंजिनावरची पुली लहान बसवली तर जोर वाढेल, वेग कमी होईल. पण वेग घेऊन मी काय करू? माझे निम्मे रोगी डोंगरावर.

१४ नोव्हेंबर

हिंगोलीला जाऊन आलो. कापसाच्या जिनिंगमधल्या मिस्त्रीला माप दिलं. लेथवर लहान पुली करून देतो म्हणाला.

सासुरवाडीत जेवलो. माहेरी आलेल्या सुभद्राचे दिवस भरत आलेत. पाय सुजलेत, पण नाडी चांगली. पहिलंच बाळंतपण, म्हणून भ्यालेली आहे. "तुमी इथंच राहा ना," म्हणाली.

"दवाखाना कुणी बघायचा?"

"मंग येचाल कसे?"

"फटफटी आहे की. भुजंगला धाड, लगेच पोचतो."

भुजंग म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पुलीचं तिच्याजवळ बोललो नाही. तिला त्यातलं काय कळणार, असं वाटलं.

२१ नोव्हेंबर

रविवार सगळा पुलीत गेला. अंगणात पोतं अंथरून बसलो. पट्टा निघाला, नट निघाला, पण जुनी पुली दांड्याला अशी धरलेली की हलायचं नाव नाही. रॉकेल सोडलं, वाट पाहिली, मागून लाकडाने ठोकत बसलो. दुपारी एकदम सुटली ती माझ्या पायावर! अंगठा काळानिळा.

नवी बराबर बसली. पण आता पट्टा ढिला. वीतभर तुकडा कापला, आकडी घालून पुन्हा जोडला. हात काळे ते अजून काळेच. देवलाची लेक डोळ्यांपुढून जात नाही. दोन आठवडे आधी सुचलं असतं तर?

२४ नोव्हेंबर

चढली. सगळा चढ, मध्ये कुठेही न थांबता. वाडीवर नामाजी धनगराच्या म्हातारीचा हात मोडला होता, तो बसवला. नामाजीची बायकोही दिवसांत आहे, तिलाही तपासलं. फारच अशक्त. लोक गाडीभोवती जमले. देवला मात्र लांबच उभा होता. रामराम केला आणि मेंढरांकडे निघून गेला.

परतताना सपाटीला एक सायकलवाला मला मागे टाकून गेला. हसू आलं.

५ डिसेंबर

लिहवत नाही.

७ डिसेंबर, हिंगोली

लिहिल्याशिवाय सुटका नाही.

शुक्रवारी सकाळी भुजंग सायकलवर औंढ्याला आला. घामाने निथळत होता. "आक्काचं अडलंय. सुईण म्हणते, लेकरू आडवं हाय. सरकारी डॉक्टर दौऱ्यावर." दोघांना घेऊन गाडी आणखी मंद होईल, म्हणून त्याला म्हटलं, तू मागून ये.

हिंगोलीची सडक, सपाट. इंजिन किंचाळत होतं आणि गाडी मात्र तट्टाच्या चालीने. आणखी पळव, आणखी पळव – लहान पुलीवर ती पळणार किती? अर्ध्या वाटेवर इंजिन तापून आवळलं. जागीच बंद. हात लावला तर चटका. निवेपर्यंत हलणार नव्हती. मी सडकेवर उभा. वेग घेऊन काय करू म्हणालो होतो – मीच.

तेवढ्यात मागून भुजंग आला. उतरला आणि सायकल माझ्यापुढे केली.

पोचलो तेव्हा लेकराचे ठोके लागत नव्हते. सुभद्रा अर्धवट शुद्धीत होती. माझ्याच हातांनी मी माझा मुलगा सोडवला. पूर्ण वाढलेला, डोक्यावर दाट केस. सुभद्रा वाचली. सासूबाई नर्मदाबाई एवढंच म्हणाल्या, "जरासं आधी येतात तं." आणि मग तोंडाला पदर लावून आत गेल्या.

१० डिसेंबर

सुभद्राने आज विचारलं, "गाडी काहून बंद पडली?"

सांगितलं. पुली, चढ, देवलाची लेक, सगळं. ती आढ्याकडे पाहत ऐकत होती.

"त्या दिवशी मला न्हाई सांगितलं."

"नाही."

"सांगतात तं मीच म्हटलं असतं, सायकलवर या."

मग भिंतीकडे तोंड केलं. दूध येतं आहे. छाती दगडासारखी झाली आहे, ताप आहे. सासूबाईंनी घट्ट फडकं बांधलं. औषध देऊ का विचारलं तर नको म्हणाली.

११ डिसेंबर, औंढा

तिला इथे आणलं. बाळंतिणीला एवढ्यात हलवू नये, हे मला कळतं. पण माहेरच्या माजघरात पाळणा टांगलेला, आणि तो उतरवायला कुणी धजेना. "मला इथून न्या," हे एकच तिचं चाललं होतं. छकड्यात गाद्या घालून, बैल पावलापावलाने चालवत आणलं. सासूबाई सोबत आल्या आहेत. ती जेवत नाही. माझ्याशी बोलत नाही.

१२ डिसेंबर

भुजंगने फटफटी आणून दिली. इंजिन निवल्यावर सुरू झालं म्हणे. जुनी पुली आणि पट्ट्याचा कापलेला तुकडा बाहेर काढून पुसून ठेवला. उद्या बसवायची. मग डोंगरावरचे गेले तरी चालतील का? माहीत नाही. मला ही लहान पुली डोळ्यांपुढे नको.

१३ डिसेंबर

पाना हातात घेतला आणि वाडीवरून निरोप आला. नामाजीची बायको. तसाच निघालो. चढावर कुठे उतरावं लागलं नाही, वेळेत पोचलो. तरी ती गेली. अंगात रक्तच नव्हतं. पोरगी मात्र जिवंत. वाडीत अंगावर पाजणारी दुसरी कुणी नाही. नामाजी म्हणाला, "शेळीच्या दुधावर जगंल का, साहेब?" शेळीच्या दुधाचा भरवसा नव्हता. त्याला मागे बसवलं, पोरगी त्याच्या घोंगडीत, आणि खाली आलो.

सुभद्रा ओसरीवर बसली होती. पोरगी ओरडून ओरडून निळी पडलेली. सुभद्रा उठली, नामाजीपुढे हात केले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, धनगराचं लेकरू –" ती थांबली नाही. आत गेली, दार लावून घेतलं.

आम्ही तिघं बाहेर उभे. थोड्या वेळाने रडणं थांबलं आणि दाराआडून चुटुचुटु पिण्याचा आवाज येऊ लागला.