ओलसर मुळं

३ मार्च, रविवार

माझ्या हाताखाली प्रबंध करणारी रिहाम आज आकडे घेऊन आली. काढलेल्या दातांची साठ मुळं, तीन गट — अल्कोहोलने खडखडीत कोरडी केलेली, जराशी ओलसर ठेवलेली, आणि चिंब. सगळी रूट कॅनलमध्ये भरतात तशी नव्या सिमेंटने भरली आणि किती जोराने सुटतं ते यंत्राखाली भरण ढकलून पाहिलं. म्हणे ओलसर मुळात सगळ्यांत घट्ट बसलं! कोरड्यात सुटून आलं. म्हणे या सिमेंटला धरायला थोडं पाणी लागतं.

अठ्ठावीस वर्षं मी या कॉलेजात एकच गोष्ट घोकून घेतलीय — आत घातलेली कागदी काडी कोरडीठाक बाहेर येईपर्यंत मूळ पुसा, वर अल्कोहोल फिरवा. अर्ध्या अलेक्झांड्रियाचे दात माझ्या विद्यार्थ्यांनी असेच भरलेत. आणि ही दमनहूर गावच्या मास्तराची पोरगी मला शिकवणार?

"तुला काम येत नाही, एवढंच यातून सिद्ध होतं," मी सगळ्यांसमोर म्हटलं. तिचे डोळे भरले. "आता निदान ते तरी कोरडे कर!" सगळा वर्ग हसला. फार बरं वाटलं.

६ मार्च, बुधवार

साठही मुळं पुन्हा करायला सांगितली. सगळे दात नवे हवेत. तिचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"डॉक्टरबाई, एवढे दात जमवायला मला आठ महिने लागले! मेअखेर माझी मुदत संपते. मग नावच काढतात, पदवी गेली."

"मग लोकांच्या दातांना सांग, जरा लवकर पडा म्हणून."

२४ मार्च, रविवार

प्रयोगशाळेतले बयूमीकाका चहा ठेवताना म्हणाले, "बाई, पोरगी दातांसाठी रोज शहरभरचे दवाखाने पालथे घालते. कुठे उसळ भरलेली फूल-सँडविचं नेऊन देते, कुठे हातापाया पडते. जीव घ्याल का तिचा?"

"साखर कमी घाला," म्हटलं, "आणि तोंडही कमी चालवा."

१६ एप्रिल, मंगळवार

केली कार्टीने साठ! निकाल तोच. वहीत प्रत्येक काडीची नोंद — कितवी, किती ओली. दोनदा वाचली. एक चूक सापडली नाही. संताप संताप झाला.

१९ एप्रिल, शुक्रवार

सुट्टी. कॉलेज रिकामं. तिच्या बरणीत उरलेली दहा मुळं घेतली आणि माझ्या हाताने भरली. पाच कोरडी, पाच ओलसर.

२६ एप्रिल, शुक्रवार

आठवडा झाला, सिमेंट कडक झालं. यंत्रावर एकेक ढकललं. निकाल इथे लिहीत नाही. सगळं कचऱ्यात टाकलं, वर चहाचा चोथा ओतला.

२८ एप्रिल, रविवार

प्रबंध-समितीपुढे सांगितलं — काम विश्वासार्ह नाही. माझ्या शब्दापुढे कोण बोलणार? रिहाम उभी राहिली. वही उघडून माझ्यापुढे धरली.

"चूक कुठे झाली ते एकदा दाखवा, डॉक्टरबाई. मी परत करते. रमजानातही येऊन करते."

"तुला ती दिसत नाही, हीच चूक."

नापसंतीची सही केली. पेन चालेना, दुसरं मागून घेतलं.

२ जून, रविवार

रिहामचं नाव कमी झालं. ईदच्या तोंडावर सामान घेऊन दमनहूरला गेली. जाताना ती वही माझ्या टेबलावर ठेवून गेली — "तुमच्या उपयोगी पडेल." उर्मटपणा बघा! बयूमीकाका सलाम न करता समोरून निघून गेले. म्हातारा फार शेफारलाय.

१६ जून, रविवार

माझ्या लेकीची, इंगीची, दाढ दुखत होती. आज माझ्याच दवाखान्यात मूळ भरलं. सिस्टरने सवयीने अल्कोहोल पुढे केलं. "राहू दे," म्हटलं. एकच काडी फिरवली. ओलसर बाहेर आली.

तसंच भरलं.