नाव घातलेला डबा

ईडन प्रेरी,
९ मार्च २०२५

चि. सौ. सुलेखास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तुझ्या दादाचं नाव निघालं की तू रडतेस, तुझं ऐकून मी रडते, आणि मुद्द्याचं बोलणं राहूनच जातं. म्हणून म्हटलं, लिहावं. कागदावर कितीही रडलीस तरी मला ऐकू येणार नाही.

मुद्दा असा, की पंचावन्नाव्या वाढदिवसाला परीक्षितने मला मिलानचं तिकीट दिलंय. जूनचं, आणि एकटीचं! नवा जॉब म्हणून त्याला सुट्टी नाही, पण बाबांचं ते गाव तू बघून ये, असं म्हणाला. मी त्याच्यासमोर हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन बसले.

कोर्नेदाची गोष्ट तुला पाठ आहे, तरी आज मला सांगू दे. अठ्ठ्याण्णव साली कंपनीने विक्रमला तीन महिने मिलानला पाठवलं होतं. मी इथे आठ महिन्यांच्या परीक्षितला सांभाळत. एका रविवारी हा मनुष्य एकटाच बसने डोंगरात कोर्नेदाला गेला, तळं बघायला. पावसात घसरला, शेवटची बस चुकली, अंगात ताप भरला. बसस्टॉपसमोरच्या घरातली एर्सीलिया नावाची बाई आणि तिचा नवरा, दोघांनी त्याला धरून आत नेलं. चार दिवस ठेवून घेतलं. ना भाषा, ना ओळख. मांस खात नाही हे याने हातवारे करून सांगितलं, तर बाईने चार दिवस घरात मांस शिजवलंच नाही. मक्याच्या पिठाचं उपीट, बटाटे, घेवडा. डॉक्टरला घरी बोलावलं, पायाला शेक दिला. निघताना हिरवा पत्र्याचा डबा बिस्किटांनी भरून दिला. तोच गं, झाकणावर डोंगर आहे तो, ज्यात मी रवा ठेवते.

दरवर्षी विक्रम म्हणायचा, या वर्षी कोर्नेदाला जाऊ. दरवर्षी मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. कधी ग्रीन कार्ड, कधी आईचं ऑपरेशन, कधी परीक्षितच्या परीक्षा. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि माझं पुढचं वर्ष तिथेच राहिलं. सुलेखा, ज्या बाईने माझा नवरा मला परत दिला तिला माझ्याकडून एक शब्दही गेलेला नाही. हे मला फार टोचतं. ती आता असेल की नसेल, तेही ठाऊक नाही.

आणि माझा डबा! आईने लग्नात दिलेला, नाव घातलेला, स्टीलचा कडीचा डबा. त्यात चिवडा भरून दिला होता मी त्याला, आणि हा गृहस्थ तो एअरपोर्टवर विसरून आला. पंचवीस वर्षं मी त्याला त्यावरून ऐकवलं. जरा कमी ऐकवलं असतं तर काय बिघडलं असतं, असं आता वाटतं.

तू चल माझ्याबरोबर. आजवर माझा पासपोर्टसुद्धा त्याच्याच खिशात असायचा. मला एकटीला विमान बदलायची भीती वाटते.

सिद्धेशरावांना नमस्कार, राधिकाला गोड पापा. लोभ आहेच, इथला बर्फ वितळेपर्यंत त्यात थोडी ऊब घालावी.

तुझी,
नंदावहिनी


मॉरिसव्हिल,
१८ मार्च २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

वर हात आपोआप ‘सौ.’ लिहून गेला. खोडलं नाही. राहू दे.

तुझं पत्र वाचून मी रडले, आणि ते तुला ऐकू आलं नाही, याचं मला फार समाधान आहे. आता माझी बातमी ऐक आणि हसू नकोस. पिकलबॉल खेळताना माझा गुडघा कामातून गेला. समोर सत्तर वर्षांचे जोशीकाका होते, ते ठणठणीत आहेत. दहा एप्रिलला सर्जरी आहे, म्हणजे जूनमध्ये मी डोंगर सोड, जिना चढले तरी पुष्कळ.

पण तू एकटी जाणार नाहीस. राधिका येतेय! कॉलेजात एक सेमिस्टर फ्लोरेन्सला काढून कार्टी इटालियन बोलायला शिकली. मराठीत मात्र अजून मला ‘आई, तू पडला का’ असं विचारते. मामीबरोबर इटली म्हटल्यावर तिने इकडे लगेच सुट्टीही टाकली. बोर्डिंग पास तिच्याकडे दे आणि निवांत झोप.

हिरवा डबा बरोबर ने. रिकामा नेऊ नकोस, हे मी तुला सांगायला नको. तुझ्या माहेरी आणि आमच्याकडे, कुणाची वाटीसुद्धा चार साखरेचे दाणे घातल्याशिवाय परत जात नाही. परीक्षित म्हणेल कॉस्टकोतून चॉकलेट घे. त्याचं ऐकू नकोस. लाडू कर. पण तूप घालू नकोस. राधिकाने वाचलं, दुधातुपाचं काही तिकडे आत नेऊ देत नाहीत. शेंगदाणा-गुळाचे कर. दादाला तेच जास्त आवडायचे.

त्या स्टीलच्या डब्याचा विषय मात्र आता पुरे कर बाई. तू तो काढलास की मला काय बोलावं कळत नाही.

परीक्षितला आशीर्वाद. माझ्यावर माया कर, गुडघ्यावर जरा जास्त.

तुझी,
सुलेखा


ईडन प्रेरी,
४ मे २०२५

चि. सौ. सुलेखास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुडघा वाकायला लागला हे ऐकून बरं वाटलं. फिजिओथेरपीला दांडी मारू नकोस, सिद्धेशराव माझ्याकडे चहाड्या करतात.

सुलेखा, मी तिकीट कॅन्सल करावं म्हणते. विक्रमच्या फाइलमध्ये एर्सीलियाबाईंचं जुनं ख्रिसमस कार्ड सापडलं, त्यावर पत्ता होता. मी मार्चमध्येच इंग्रजीत पत्र घातलं. दोन महिने झाले, उत्तर नाही. तेव्हा बाई साठीच्या होत्या असं विक्रम म्हणायचा, म्हणजे आता पंचाऐंशीच्या पुढे. घर बंद असलं तर? एवढ्या लांब जाऊन कुलूप बघून यायचं का? उशीर मीच केला. आता त्या पोरीला कशाला उगाच फिरवू?

रवा काचेच्या बरणीत काढला. डबा घासून ठेवलाय. रोज ओट्यावर दिसतो आणि मी तो पुन्हा पुसते.

वेडेपणा वाटला तर स्पष्ट लिही. लोभ कमी न करता रागाव.

तुझी,
नंदावहिनी


मॉरिसव्हिल,
१० मे २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

रागावतेच. तिकीट कॅन्सल केलंस तर मी कुबड्या घेऊन ईडन प्रेरीला येईन आणि महिनाभर तुझ्याकडे राहीन. माझा चहा किती वेळा होतो ते तुला माहीत आहे.

बाई नसल्या तर त्यांच्या मुलाला भेट. मुलगा नसला तर शेजाऱ्याला लाडू दे. कुणीच नसलं तर तळ्याकाठी बसून मनात बोल, पण जा. दादाने दरवर्षी तुला बोलावलं, या वर्षी मी बोलावतेय असं समज.

आणि एक सांगते, का ते आत्ता विचारू नकोस. बाई भेटल्या तर दारातून परत फिरू नकोस. आत जा, त्यांच्या स्वयंपाकघरात बस.

लाडवात वेलदोडा विसरू नकोस. मायेने दटावणारी,

सुलेखा


कोर्नेदा,
११ जून २०२५

चि. सौ. सुलेखास,
अनेक अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी इथे पोचले, आणि बाई आहेत! सत्त्याऐंशी वर्षांच्या, कानाने जरा कमी, बाकी खणखणीत.

सविस्तर लिहिते. मिलानहून ट्रेन, मग बस, ती वळणं घेत इतकी वर गेली की मी डोळे मिटून डबा पोटाशी धरून बसले होते. राधिका मला इटालियनमध्ये नमस्कार आणि धन्यवाद शिकवत होती. गाव म्हणजे चाळीसेक दगडी घरं, एक चर्च, एक दुकान आणि खाली तळं. पाणी इतकं हिरवं की मला वाटलं, कुणी रंग कालवलाय. विक्रमने सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं. बसस्टॉपसमोरचं घरसुद्धा. दारात खुर्चीवर एक म्हातारी घेवडा सोलत बसली होती.

मी राधिकाने शिकवलेलं सगळं विसरले. नुसता हिरवा डबा पुढे केला. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घेवड्याचं ताट बाजूला सारून हाक मारल्यासारखं ‘वीक्राम’ म्हणाल्या. सुलेखा, दोन वर्षांत त्याचं नाव असं कुणी घेतलं नव्हतं. तो गेला, हे राधिकाने हळूच सांगितलं. त्यांनी ॲप्रन डोळ्यांना लावला. मी वाकून पाया पडले, तर त्यांना वाटलं माझं काही पडलं. त्याही खाली वाकून शोधायला लागल्या! मग आम्ही तिघी हसत आणि रडत तशाच उभ्या. माझं पत्र त्यांना मिळालं होतं. नातू उन्हाळ्यात घरी आला की वाचून दाखवेल, म्हणून जपून ठेवलं होतं.

तू सांगितलंस तशी मी स्वयंपाकघरात गेले. त्यांनी कॉफी ठेवली, मी लाडवांच्या डब्याचं झाकण काढलं. आणि चुलीशेजारच्या फळीवर बघते तर माझा डबा.

माझा, आईचा! कडी तीच, एका बाजूला पोचा तोच. मी उठून हातात घेतला. त्यात त्या मक्याचं पीठ ठेवतात. बुडाजवळचं नाव रोज पुसून पुसून जरा पुसट झालंय, पण ठिपके लागतात बोटाला. बाई राधिकाला म्हणाल्या, तुझ्या मामाने जाताना हा टेबलावर ठेवला. त्यावर काहीतरी लिहिलंय ते आम्हाला आजवर कुणी वाचून दाखवलं नाही. आम्हाला वाटायचं, तुमच्या देवाची प्रार्थना असेल, म्हणून कधी जमिनीवर ठेवला नाही. राधिकाला वाचता येईना. मग मी वाचलं: चि. सौ. कां. नंदा हिस, आईकडून, १२-५-९४. राधिकाने त्यांना सांगितलं की नंदा म्हणजे हीच. बाईंनी कॉफी खाली ठेवली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, म्हणजे तू तर इतकी वर्षं माझ्या घरातच होतीस.

मला धन्यवाद हा शब्द तेव्हा आठवला, पण मी त्यांच्या हातावर लाडूच ठेवला.

तीन दिवस झाले, इथेच राहतोय. विक्रम झोपला होता त्या खोलीत, त्याच पलंगावर. बाईंचे यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. सकाळी आम्ही दोघी तळ्याकाठच्या बाकावर बसायचो. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी मराठीत. राधिका म्हणते, मामी, यू गाइज आर टॉकिंग अबाउट टोटली डिफरंट थिंग्ज. असू दे, आमचं चाललं होतं. लाडू त्यांनी सगळ्या गावाला वाटले. दोन मात्र माझ्या डब्यात पिठाशेजारी ठेवले. त्या तो डबा मला परत देत होत्या. मी घेतला नाही. हिरवा मात्र त्यांनी पुन्हा बिस्किटांनी भरून माझ्या हातात दिला, आता काय करू सांग!

पण एक मला कळत नाही. हा मनुष्य एअरपोर्टवर काही विसरला नव्हता. मग पंचवीस वर्षं माझी बोलणी ऐकून गप्प का बसला? आणि स्वयंपाकघरात बस, असं तू मला का लिहिलंस? खरं सांग.

राधिका फार गुणी निघाली. उद्या निघतो. इतका लोभ पदरात पडलाय की तुझ्याकडे आज मागत नाही, पाठवतेच.

तुझी,
नंदावहिनी


मॉरिसव्हिल,
२२ जून २०२५

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

सांगते. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलंय, पोट माझं केवढं झालंय ते तू बघतेसच.

दादा मिलानहून आधी मुंबईला व्हिसाच्या स्टॅम्पिंगला आला होता, तेव्हा पुण्याला घरी आला. आईच्या ओट्याशी उभा राहून त्याने मला सांगितलं. निघताना त्या बाईंनी बिस्किटांचा डबा दिला, आणि रिकाम्या हाताने कसा घेणार? याने पैसे पुढे केले तर बाईंनी त्याच्या हातावर चापट मारली. सॅकमध्ये तुझा डबा होता, तळाशी मूठभर चिवडा उरलेला. तोच चिवड्यासकट ठेवून आला. मी म्हटलं, अरे, वहिनीच्या आईचा डबा, दुसरं काही नव्हतं का? तर म्हणाला, दुसरं होतं, जॅकेट होतं, घड्याळ होतं. पण मी वाचलो ते माझ्या एकट्याचं नाही ना. आभार नंदाचेही आहेत, म्हणून तिचं नाव असलेलंच दिलं.

मला शपथ घातली. तिला सांगू नकोस, म्हणाला, एक दिवस तिला तिथे नेईन, त्या स्वयंपाकघरात उभी करीन आणि तिचंच नाव तिला दाखवीन. आठवून बघ, तू डब्यावरून त्याला बोलायला लागलीस की तो कसा मिशीत हसायचा. मला राग यायचा त्याचा. तो गेल्यावर दहा वेळा फोन उचलला तुला सांगायला, पण त्याला ते तोंडाने सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. मी फक्त तुला दारातून आत पाठवलं. तोच दाखवणार होता, आणि त्यानेच दाखवलं.

तेव्हा वहिनी, आभार पोचवायचे राहिले, हे आता मनातून काढ. ते अठ्ठ्याण्णव सालीच पोचले, तुझ्या नावाने.

बिस्किटं सगळी एकटी संपवू नकोस. डबा घासून ठेव. पुढच्या जूनला माझा गुडघा तयार असेल आणि लाडू मी करीन. तोवर तुझी माया अशीच असू दे. ती परत करायची झाली तरी आम्ही रिकामी करणार नाही.

तुझी,
सुलेखा