भिंतीवर दिसलेल्या वहीबद्दल बापूमामांस

अमरावती, १२ डिसेंबर १९६३

तीर्थरूप बापूमामांस उद्धवचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो असे मामींच्या कार्डावरून कळले, बरे वाटले. (तरी मुद्दाम चढून पाहू नये.) इकडे घरात सर्व ठीक आहे, ठीक नव्हती ती फक्त माझी नोकरी. दोन वर्षांची उमेदवारी या महिन्यात संपते, आणि कायम करायचे की घरी पाठवायचे हे आमचे प्राचार्य वामनराव माझा एक तास पाहून ठरवणार होते. तो तास परवा झाला.

दिवाळीच्या सुटीत मी नव्या अध्यापनपद्धतीच्या शिबिराला जाऊन आलो. प्राध्यापकाने कमी बोलावे, विद्यार्थ्यांना बोलू द्यावे आणि यंत्रांची मदत घ्यावी, असे तिथे चार दिवस एकटे व्याख्यातेच सांगत होते. आमच्याकडे एपिडायस्कोप नावाचे यंत्र खोक्यात पडून होते (वहीचे पान त्यात ठेवले की भिंतीवर हत्तीएवढे दिसते). परवा प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले, तेव्हा खिडक्यांना वसतिगृहाच्या सतरंज्या लावून मी अंधार केला आणि मागणी-पुरवठ्याची आकृती दाखवावी म्हणून आपण कॉलेजात शिकवताना वापरलेली आणि मला दिलेली अर्थशास्त्राची वही त्यात ठेवली. आकृती छान दिसली. समासात आपण पेन्सिलीने लिहिलेलेही दिसले: 'येथे थांबून खिडकीबाहेर पाहणे. मग आत्ताच सुचल्यासारखा संत्र्याचा विनोद सांगणे.' मामा, हा विनोद मी दोन वर्षे आत्ताच सुचल्यासारखा सांगत आलो आहे. (खिडकीबाहेरही पाहत आलो आहे.) सारा वर्ग हसू लागला. घाईने पान ओढू गेलो, तर पान जागेवरच आणि भिंतीवर माझा अंगठा.

तेवढ्यात शेंदूरजनाघाटचा मोतीराम उभा राहिला. त्याच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. म्हणाला, "सर, संत्र्याचा भाव असा नाई ठरत. बगीचा फुलावर असतानाच व्यापारी येते, झाडं पायते अन् सौदा करते. तुमच्या मागणीले तिथं कोन इचारते?"

शिबिर आठवून मी सतरंज्या काढवल्या आणि खडू त्याच्या हाती दिला. (दुसरे काही सुचलेही नाही.) मग चांदूर रेल्वेची पंचफुला उठली. गारपीट झाली तर नुकसान मालकाचे की व्यापाऱ्याचे, आणि तोडणीच्या मजुरांचे काय, असे तिने विचारले आणि अर्धा तास वर्ग नुसता भांडत होता. मी बाकावर बसून ऐकले. खरे सांगतो, मागणी-पुरवठा मला पहिल्यांदाच समजला. आनंद झाला आणि लाजही वाटली.

जाताना प्राचार्य म्हणाले, पद्धत उत्तम आहे. मी निर्धास्त होऊन घरी आलो आणि पोटभर जेवलो. मामींना नमस्कार सांगावा.

आपला,
उद्धव

ता. क. वही सुखरूप आहे. दिव्याच्या उष्णतेने ते एक पान तपकिरी झाले, पण वाचता येते.

आणखी ता. क. कायम करण्याच्या कागदावर अजून सही झालेली नाही. काल प्राचार्यसाहेबांनी बोलावून विचारले, भिंतीवरचे अक्षर बापूसाहेबांचेच ना? १९३६ साली ते आपल्या वर्गात होते म्हणे, आणि सहामाहीत नापास करून आपण त्यांच्या पेपरावर शेरा मारला होता: 'यांनी शिक्षणाच्या वाटेस जाऊ नये.' तो पेपर त्यांनी जपून ठेवला आहे. मला दाखवला. तरी तेव्हा तपासताना आपली चूक झाली होती, अशा दोन ओळी त्यांना ताबडतोब लिहाव्यात. पेपर मी नीट वाचला. आपली चूक झालेली नाही. तरी लिहावे.